बोंब मारण्याचं भाडं

भारतानं जगाला काय दिलं याच्या याद्या हल्ली शून्यापासून सुरू होतात आणि यूपीआयपाशी येऊन थांबतात. २०१६ साली एनपीसीआयनं ही व्यवस्था आणली, त्याच वर्षीच्या नोटाबंदीनं लोकांना तिच्याकडे ढकललं, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये एका महिन्यातले व्यवहार पहिल्यांदाच २००० कोटींच्या पुढे गेले. याचं श्रेय कुणी स्वस्त डेटाला देतं, कुणी सरकारला, कुणी इंजिनिअर मंडळींना. मॉलबिलचं सोडा, पण हातगाडीवर यूपीआय टिकलं ते माझ्या मते त्या मूठभर प्लास्टिकच्या डब्यामुळे, जो दिवसभर घसा ताणून ‘वीस रुपये प्राप्त झाले’ म्हणून ओरडत असतो. पैसे पाठवायची सोय आधी झाली. पैसे आल्याची बोंब मारायची सोय नंतर सुचली. आणि ज्या मुलखात बारसं, वरात, निवडणूक आणि आठवड्यानं आलेलं नळाचं पाणी यांतलं काहीच गुपचूप होत नाही, तिथे पैशानंच मुकाट्यानं यावं ही अपेक्षा मुळातच चुकीची होती.

संध्याकाळी सहाची वडापावची गाडी डोळ्यांपुढे आणा. गाडीवाल्याचा उजवा हात झाऱ्यावर, डावा पावाच्या पोटात लाल चटणी कोंबतोय, नजर कढईत. गिऱ्हाईक खांबाला टांगलेल्या ठिपक्यांच्या चौकोनावर फोन धरतं. हा चौकोन १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या लोकांनी मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी काढला होता. पुढे त्याच्यावर बेसनाचे शिंतोडे उडणार आहेत याची त्यांना सुतराम कल्पना नसावी. ‘दादा, गेले बघा,’ म्हणत गिऱ्हाईक हिरवी खूण नाचवतं. डबा यायच्या आधी दादांनी काय करायचं? हात पुसून, खिशातून फोन काढून, बँकेचा एसएमएस शोधायचा. तो बऱ्याचदा गिऱ्हाईक रिक्षात बसून गेल्यावर उगवायचा. नाहीतर समोरच्याच्या शब्दावर भागवायचं. मग कालच्या स्क्रीनशॉटवर आजचे वडे खाणारे निघाले, हुबेहूब हिरवी खूण दाखवणारी नकली ॲपं निघाली, आणि दुकानदाराच्या चौकोनावर स्वतःचा चौकोन चिकटवून दुसऱ्याचा गल्ला घरबसल्या गोळा करणारेही. या सगळ्यांवर डब्यानं एकच उपाय केला: वाजला तर पैसे आले, नाही वाजला तर नाही आले. त्याच्या पोटात स्वतःचं सिमकार्ड असतं, त्यामुळे मालक गावाला गेला असला आणि त्याचा फोन त्याच्याच खिशात असला, तरी गाडीवरचं पोरगं निर्धास्तपणे वडे विकू शकतं. पोराला मालकाच्या खात्याचा आकडा कळत नाही, तरी धंदा कळतो. गडी आणि मालक यांच्यातला हा नाजूक प्रश्न इतक्या बिनबोभाट, म्हणजे खरं तर बोभाटा करून, दुसऱ्या कुणी सोडवल्याचं मला ठाऊक नाही.

यात नवल काही नाही. चांदीचा रुपया होता तेव्हा तो दगडावर वाजवून घ्यायची रीत होती. खोटा असला तर आवाज बद्द यायचा. पैसा डोळ्यांनी मोजायचा आणि कानांनी पारखायचा, असं चाललं होतं. कागदी नोट आली आणि कानाचं काम गेलं. यूपीआय आल्यावर डोळ्यांचंही गेलं, निदान घेणाऱ्याच्या. देणाऱ्याच्या हातात चकचकीत स्क्रीन, घेणाऱ्याच्या हातात झारा. डब्यानं कानाला त्याची जुनी नोकरी परत दिली एवढंच.

आता गंमत हिशेबाची आहे. जानेवारी २०२०पासून यूपीआयवर दुकानदाराकडून दलाली घ्यायची नाही असा सरकारी नियम आहे. म्हणजे तुमचे वीस रुपये एका बँकेतून दुसऱ्या बँकेत निमिषात पोचवण्याचा एवढा अवाढव्य खटाटोप फुकट; आणि ते पोचले हे ओरडून सांगणाऱ्या डब्याला मात्र महिन्याला शंभर रुपयांच्या आगेमागे भाडं. माल मोफत आणि दवंडी विकत! कंपन्याही काही खुळ्या नाहीत. दुकानात डबा बसला की दुकानदाराची रोजची उलाढाल कळते, आणि उलाढाल कळली की कर्ज देता येतं. फोनपेनं तर डब्यात अमिताभ बच्चनांचा आवाज घातला. पंधरा रुपयांच्या कोथिंबिरीला एवढा भारदस्त आवाज याआधी कधी लाभला नव्हता.

यावर आक्षेप आहेतच. गोंगाट वाढतो, हा पहिला. ज्या बाजारात कांदे-बटाट्याचा टेम्पो, आरतीचा कर्णा आणि रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं गाणं एकाच वेळी चालू असतं, तिथे हा आक्षेप फार वेळ उभा राहू शकत नाही. दुसरा खासगीपणाचा: कुणी किती खर्च केला ते गावाला का कळावं? पण रोखीच्या काळात ‘पाचशेचे सुट्टे आहेत का रे?’ अशी आरोळी दुकानदार समोरच्या पानवाल्याला देतच होता, आणि पाचशेची नोट कुणाची हे सगळी गल्ली वळून बघत होती. डबा निदान नाव घेत नाही. दारूच्या दुकानात हाच मोठा दिलासा.

मात्र नाव न घेणं हीच त्याची खरी अडचण. गर्दीत दोघांनी वीस-वीस रुपये दिले आणि डबा एकदाच वाजला, तर दोघंही ‘माझेच’ म्हणतात. मग दोन फोन शेजारी धरून वेळेचा पंचनामा होतो, आणि तोवर घाणा करपतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही; डब्याकडेही नाही.

एवढा लाडका आहे तर जुलै २०२५मध्ये बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांनी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या का लावल्या, असंही कुणी विचारेल. कारण कर खात्यानं यूपीआयच्या जमा रकमा पाहून त्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या होत्या. यात डब्याचा काय दोष? तो जे बोलला ते दुकानाच्या पायरीपर्यंतच ऐकू गेलं. घात केला तो न बोलणाऱ्या नोंदीनं. तेव्हा बोलक्या यंत्राला घाबरायचं कारण नाही, गप्प बसणाऱ्याकडे नीट लक्ष ठेवावं. तसा डबाही एका बाबतीत पक्का मुका आहे: आलेले वीस रुपये तो चौकभर ऐकवतो, पण महिन्याचं भाडं कापलं जातं तेव्हा हूं की चूं करत नाही.