भरलेली का खाली?

स्पोर्ट्‌स कार बाळगणाऱ्याला दोन आकडे तोंडपाठ असतात. पहिला, गाडी किती सेकंदांत शंभरचा वेग पकडते. कात्रज ते कापूरहोळ या टापूत त्याचा उपयोग शून्य. रविवारी संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर शंभर मीटर पुढे सरकलं तरी लोक समाधान मानतात. दुसरा आकडा वजनाच्या वाटणीचा. पुढच्या चाकांवर किती, मागच्या चाकांवर किती. ही वाटणी ‘पन्नास-पन्नास’ असेल तर मालक हातातला चहाचा कप खाली ठेवतो आणि मगच ती सांगतो.

भोरच्या एका जावईबापूंनी हा दुसरा आकडा स्वतः तपासायचं ठरवलं. राहायला कोथरूड, सासर भोर, गाडी लाल, दोन दारांची आणि दोनच माणसांची. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. गाडीचं नाव मुद्दामच सांगायचं नाही, कारण नाव कळलं की लोक वजन विसरतात आणि किंमत विचारतात.

आकड्याचं महत्त्व खोटं नाही. टायर रस्त्याला किती धरतो हे त्याच्यावर किती भार आहे यावर ठरतं. नाक जड असेल तर गाडी वळणावर सरळ जायला बघते, बूड जड असेल तर मागचा भाग बाहेर फेकला जातो. दोन्हीकडे सारखं वजन असलं की चारही टायर आपापला वाटा उचलतात, असा सिद्धान्त. बीएमडब्ल्यूने तर पन्नास-पन्नास हा वर्षानुवर्षं जाहिरातीचाच मुद्दा केला. पण जाहिरातीतली गाडी कोणी मोजली, कुठे मोजली आणि तेव्हा आत कोण बसलं होतं, हे तिथे लिहिलेलं नसतं.

मोजायला जावं कुठे? पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ पासून उभी आहे. पण ती गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांसाठी. रविवारी सासऱ्यांना घेऊन परतणाऱ्या हौशी माणसाला उरतो तो महामार्गाकडेचा वजनकाटा, जिथे वाळू, खडी, कांदा आणि भंगार रात्रंदिवस तोललं जातं.

त्या काट्याची पाटी वाचण्यासारखी असते. कमाल ६० टन, किमान २०० किलो, आणि एक घर १० किलोचं. म्हणजे आकडा बदलला तर दहाने बदलणार, अधलंमधलं काही नाही. किमान २०० किलोचा अर्थ असा, की त्याखालचं वजन हा काटा भरवशाने सांगू शकत नाही. एकटा माणूस, मग तो भोर-वेल्ह्यात कितीही वजनदार समजला जात असो, या यंत्राच्या हिशेबात धरण्याजोगा नाही.

गाडी काट्यासमोर येताच केबिनमधून ठरलेला प्रश्न आला, “भरल्याली का खाली?”

ट्रकवाल्यांच्या आयुष्यात याला सोपं उत्तर असतं. जावईबापू मात्र थबकले. टाकी भरलेली होती. डिकीत वेल्ह्याच्या आत्याबाईंनी दिलेलं इंद्रायणीचं २५ किलोचं पोतं होतं. शेजारी सासरे होते. अशी गाडी भरलेली म्हणावी का खाली?

मोटारधंद्यातल्या थोरामोठ्यांचंही या प्रश्नावर एकमत नाही. एक आकडा असतो तो ‘ड्राय’ वजनाचा, पेट्रोल न धरता. हा सर्वांत देखणा, म्हणून माहितीपत्रकावाल्यांचा लाडका. दुसरा जर्मन पद्धतीचा, पेट्रोल-तेलासकट पण माणसाशिवाय. तिसऱ्या, युरोपीय पद्धतीत टाकी नव्वद टक्के भरायची आणि ७५ किलोचा चालक धरायचा, त्यातले ६८ किलो माणसाचे आणि ७ किलो सामानाचे. पोर्शेने ९११ कॅरेराच्या ९९२ पिढीचं वजन एका पद्धतीने १५०५ आणि दुसऱ्या पद्धतीने १५८० किलो असं दिलं होतं. गाडी तीच, मधले ७५ किलो म्हणजे तो कागदावरचा चालक. सात किलोचा नियम करणारे अधिकारी भोर-वेल्ह्याच्या सासुरवाडीला कधी आलेले नसावेत. तिथून निघताना सात किलो ही नुसती पापड-कुरडयांची मर्यादा आहे.

शेवटी पोतं उतरवलं, सासरेही उतरले आणि पत्र्याच्या शेडखाली त्या पोत्यावरच बसले. मग विधी सुरू झाला. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, चालक बाहेर. मग आख्खी गाडी. मग पुढची चाकं पलीकडे उतरवून फक्त मागची. प्रत्येक वेळी जावईबापू गाडीत बसत, वीतभर पुढे घेत, उतरत आणि दूर उभे राहत. मागे कांद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर हे सगळं इंजिन बंद करून बघत होता; डिझेल वाया घालवण्याची त्याची तयारी होती, हा प्रकार चुकवण्याची नव्हती असं म्हणावं, तर त्याने डिझेलही वाचवलं.

पुढे ६८०. मागे ६४०. आख्खी १३३०.

सासऱ्यांनी पोत्यावरून बेरीज केली. “दहा किलो कुठं गेलं?”

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊस लावणाऱ्या माणसाला काट्याबद्दल जो संशय असतो तो पिढीजात आणि अनुभवसिद्ध. काटा मारणे ही कला इथे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण या वेळी काटेवाला निर्दोष होता. समजा पुढे खरे ६८४ किलो होते आणि मागे ६४४. दहाच्या घरात बसवताना दोन्हीकडचे चार-चार किलो गळले. बेरीज खरी १३२८, ती मात्र वर सरकून १३३० झाली. तीनही वेळा यंत्र आपल्या नियमाने वागलं, आणि तरी दहा किलो गायब. म्हणून अशा काट्यावर मोजून कोणी ‘५१.३ आणि ४८.७’ असं सांगू लागला, तर दशांश चिन्हानंतरचं सगळं त्याच्या मनातलं समजावं. पुढे साडेएक्कावन्न टक्क्यांच्या आसपास, इतकंच खरं. चाकांच्या दोन जोड्यांमधलं अंतर अडीच मीटर धरलं, तर गाडीचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांपासून साधारण सव्वा मीटर मागे, म्हणजे जवळपास गिअरच्या दांड्यापाशी.

माहितीपत्रकात वजन १२८० होतं. वरच्या पन्नास किलोंचा तपास लागायला वेळ लागला नाही. ४५ लिटर पेट्रोल म्हणजे तेहेतीस-चौतीस किलो. उरलेल्यात छत्री, चटई, पाण्याचा कॅन आणि रद्दीत द्यायचे म्हणून दिवाळीपासून डिकीत फिरणारे दिवाळी अंक.

काट्याची जागा सपाट हवी, असं प्रत्येक जाणकार बजावतो. काटे दोन तऱ्हेचे. एक खड्ड्यात बसवलेला, रस्त्याच्या पातळीत. दुसरा जमिनीवर उभा, दोन्ही टोकांना चढ असलेला. दुसऱ्यावर स्पोर्ट्‌स कार नेली तर वजनाआधी बंपरचा आवाज येतो. शिवाय एक जोडी वर, एक जोडी उतारावर, म्हणजे गाडी तिरपी. गंमत अशी, की मागची चाकं पुढच्यांपेक्षा दहा सेंटिमीटर खाली राहिली तरी या गाडीत जेमतेम दहा किलोंचा फरक पडतो. काट्याचं एक घर. खड्ड्यातल्या काट्याचं दुखणं निराळं. भोर-वेल्ह्याच्या पावसात खड्ड्यात पाणी साठतं, वर ट्रकच्या चाकांचा चिखल बसतो, आणि रिकामा काटा शून्याऐवजी भलतंच काही दाखवतो. गाडी चढवण्याआधी शून्य बघून घ्यावं, हा सल्ला उसाइतकाच स्पोर्ट्‌स कारलाही लागू.

पन्नास-पन्नास काही आलं नाही म्हणून जावईबापूंचा चेहरा उतरला. तेव्हा काटेवाल्यानेच सुचवलं, “साहेब, मानसं बसवून बघा की.”

बसवली. जावई ७५, सासरे ८०. अशा गाडीत माणसं मागच्या चाकांकडे सरकून बसतात, त्यामुळे त्यांच्या १५५ किलोंतले साठ टक्के मागे गेले. आता पुढे ७५०, मागे ७४०, आख्खी १४८०. मघाशी हरवलेले दहा किलो बेरजेत परत आले होते, पण त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सासरे बसल्यावर गाडी पन्नास-पन्नास झाली होती! हा मान कुठल्याही माहितीपत्रकाने आजवर कुठल्याही सासऱ्यांना दिलेला नाही.

मग पोतं डिकीत चढलं आणि पुन्हा बिघडलं. डिकी मागच्या चाकांच्याही मागे, साधारण अर्धा मीटर. तिथे ठेवलेले २५ किलो मागच्या चाकांना ३० वाटतात आणि पुढच्या चाकांवरचे ५ उचलतात. तरफेचा साधा हिशेब. पुढे ७४०, मागे ७७०.

“पोतं मांडीवर घेऊ का?” सासऱ्यांनी विचारलं. वाटणीच्या दृष्टीने सूचना बिनचूक होती.

खरं तर त्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं. बैलगाडीला चाकांची एकच जोडी, त्यामुळे वाटणी चुकली की लगेच बोंब. ओझं फार पुढे आलं तर जू बैलांच्या मानेवर बसतं. फार मागे गेलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांचा गळा आवळतो. म्हणून भात भरताना ओझं आखापेक्षा किंचित पुढे ठेवायचं, आणि चढाला गाडीवानाने पुढे सरकायचं. काटा, घर, दशांश काही नाही. बैलाची मान बघायची. शर्यतीच्या छकड्यावर तर हाकणारा आपलंच वजन मागे-पुढे करत जातो. २०१४ साली बंद झालेल्या या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये कायदाही उचलून धरला. तेव्हा या भागातल्या दोन माणसांच्या लाल गाडीपेक्षा एका माणसाच्या लाकडी गाडीचा वेगाशी संबंध जुना आहे, आणि तिला बघायला गर्दीही जास्त जमते.

पुण्यातली इंजिनीअरिंगची पोरं या बाबतीत अधिक कडक. फॉर्म्युला स्टुडंटसारख्या स्पर्धांसाठी ती स्वतः गाडी बांधतात, चार चाकांखाली चार काटे ठेवतात आणि नुसतं पुढे-मागे नव्हे तर तिरकंही मोजतात: पुढचं डावं अधिक मागचं उजवं, आणि उलट. या दोन बेरजा जुळेपर्यंत स्प्रिंगा पिळत बसायचं. स्पर्धेत गाडी चालकासकट ६० अंशांपर्यंत आडवी कलवून बघतात, उलटत तर नाही ना म्हणून. ज्यांच्या वडिलांनी चेतक वापरली त्यांना कलवण्याचं अप्रूप नसावं. तिचं इंजिन उजव्या कुशीला, आणि सकाळी ती कलती केल्याशिवाय बऱ्याच घरांत कोणी किक मारत नसे.

पन्नास-पन्नासचं देव्हाऱ्यातलं स्थान मात्र जरा तपासायला हवं. पोर्शे ९११ चं इंजिन १९६३ साली ती पहिल्यांदा लोकांपुढे आली तेव्हापासून मागच्या चाकांच्याही मागे आहे. तिची वाटणी साधारण ३८-६२, पुस्तकी हिशेबाने नापास, आणि तरी ती साठ वर्षं शर्यती जिंकते आहे. तिच्यावर उपाय म्हणून मागचे टायर रुंद. हाच उपाय आणखी एका मागच्या इंजिनाच्या गाडीत होता: टाटा नॅनो. गिरीश वाघ यांच्या हाताखालच्या चमूने केलेली, जानेवारी २००८ मध्ये दिल्लीत दाखवलेली, ६२४ सीसीची, सुमारे ६०० किलोंची. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद, मागचे १५५. बॉनेटखाली इंजिनाऐवजी स्टेपनी, आणि पेट्रोल भरायचं तेही बॉनेट उघडून. रचनेच्या दृष्टीने नॅनो ही पोर्शेची चुलत बहीण लागते. लग्नपत्रिकेत मात्र कोणी तिचं नाव घातलं नाही.

आणि घाटात उतरलं की काट्यावरचे सगळे आकडे तसेही मोडतात. भोरहून महाडकडे उतरणारा वरंधा घाट घ्या, नाहीतर वेल्ह्याहून पानशेतच्या अंगाला जाणारा पाबे घाट. पंधराशे किलोंची ही गाडी वळणाआधी मध्यम जोराने ब्रेक लावते तेव्हा साधारण दीडशे किलो मागून पुढे सरकतात. पोत्यासह काट्यावर ४९-५१ असलेली गाडी त्या क्षणी ५९-४१ होते. वळण संपून वेग घेतला की भार परत मागे. पावसात घाट बंद असेल तर प्रश्नच मिटला.

कांद्याच्या ट्रकने आता हॉर्न दिला. काटेवाला संगणकावर पावती करायला बसला. गाडी नंबर लिहिला, वजनं टाकली आणि मान वर करून विचारलं, “माल काय लिहू?”

“काही नाही हो, गाडीच मोजायची होती.”

“रकाना मोकळा सोडला तर पावती निघत नाही.”

“मग जावई लिहा,” शेजारून सासरे म्हणाले.

संगणकाची यादी ठरलेली होती: वाळू, खडी, सिमेंट, ऊस, कांदा, भंगार, इतर. काटेवाल्याने काचेतून एकदा लाल गाडीकडे पाहिलं आणि कर्सर खाली नेऊ लागला. तो ‘भंगार’वर क्षणभर अडकला तेव्हा जावईबापूंनी खिडकीतून हात आत घालून स्वतःच बाण एक घर पुढे नेला.