नानांचा मुद्देमाल

रहस्यपट बघायला बसलेल्या दहा माणसांपैकी नऊ जणांना खून कुणी केला ते हवं असतं. दहाव्याला खुन्याशी फारसं कर्तव्य नसतं. खून झाला त्या रात्री धो-धो पाऊस होता, तर फौजदाराच्या बुटाला चिखल कसा नाही, हा त्याचा प्रश्न असतो. असा दहावा माणूस प्रत्येक कुटुंबात एक तरी निघतोच. आमच्याकडे नाना आहेत.

नाना जिल्हा कोर्टातून निवृत्त झाले. नोकरीतली बरीचशी वर्षं त्यांनी मुद्देमाल सांभाळला. खून म्हणजे त्यांच्या लेखी एक कोयता, एक रक्ताळलेला सदरा, वर लाखेचं सील आणि दोन पंचांच्या सह्या. प्रेम, मत्सर, सूड वगैरे गोष्टी वकिलांनी बघायच्या. त्यामुळे पडद्यावर नायिका किंकाळी फोडते तेव्हा आम्ही उशी घट्ट धरतो, आणि नाना विचारतात, ‘‘सुरी जप्त केली का?’’

त्यांना रहस्यपट आवडत नाहीत, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. हिचकॉकचा एकही सिनेमा त्यांनी सोडलेला नाही. काही तर इतक्यांदा पाहिलेत की, पुढचा संवाद ते पात्राच्या आधी म्हणतात आणि वर त्या पात्राला सांगतात, ‘‘खोटं बोलतोयस.’’

त्यातल्या त्यात मर्जीतला सिनेमा म्हणजे 1954 सालचा ‘डायल एम फॉर मर्डर’, कारण तो सगळा एका किल्लीवर चालतो. नवरा, टोनी, बायकोची किल्ली जिन्यावरच्या गालिच्याखाली ठेवतो. मारेकरी त्या किल्लीने दार उघडतो आणि आत शिरण्याआधीच ती होती तिथे परत ठेवतो. पुढे बायकोच कात्रीने त्याचा निकाल लावते. टोनी प्रेताच्या खिशातली किल्ली काढून बायकोच्या पर्समध्ये टाकतो. पण ती असते मारेकऱ्याच्या स्वतःच्या घराची! बायकोला फाशीची शिक्षा झाल्यावर इन्स्पेक्टर हबर्ड हे शोधून काढतो. नानांना हबर्डबद्दल सख्ख्या मेहुण्यासारखी माया आहे, तरी एक तक्रार आहेच. ‘‘अरे, बाईची पर्स ताब्यात आली त्याच दिवशी किल्ली कुलपाला लावून बघायची! फाशी उद्यावर आल्यावर काय बघतोस?’’

याच कथेवर मुकुल आनंदने 1985 मध्ये ‘ऐतबार’ काढला. त्यावर नानांची हरकत अशी की, ही गोष्ट मुळात हिंदुस्थानात घडूच शकत नाही. घरात एकटी बाई रात्री झोपताना आतून कडी लावते. कडी लावली की गालिच्याखाली किल्ल्यांचा जुडगा ठेवलात तरी सिनेमा दाराबाहेरच संपला.

‘रिअर विंडो’वर त्यांचा राग वेगळा. समोरच्या बिऱ्हाडातला माणूस बायकोला संपवून सुरी आणि करवत वर्तमानपत्रात गुंडाळतो आणि तेही पडदा न ओढता! न्यूयॉर्कमध्ये तेव्हा भयंकर उकाडा होता, असं मी सांगून पाहिलं. ‘‘उकाडा असला म्हणून काय झालं? उकाड्यात लोक खिडकी उघडतात, गुन्हा नाही,’’ म्हणाले. यावर घरातल्या माईंनी स्वयंपाकघरातून निकाल दिला, ‘‘त्याला म्हणावं, आमच्या चाळीत खून करून दाखव. करवत आणायला निघालास तर जिन्यातच तिघी विचारतील, काय कापायचंय?’’

‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये माउंट रशमोरच्या उपाहारगृहात नायिका नायकावर पिस्तूल झाडते. मागच्या टेबलावरचा एक मुलगा बार उडायच्या आधीच कानांत बोटं घालतो. तालमीत आवाजाने दचकला असणार बिचारा. पण नानांनी तिथे सिनेमा थांबवला. ‘‘या पोराला साक्षीला बोलवा. कटाची याला आधीपासून माहिती होती.’’

‘द बिग स्लीप’चं तर त्यांच्यापुढे नावही काढायची सोय नाही. त्यात मोटारीसकट पाण्यात गेलेल्या ड्रायव्हरला कुणी मारलं, हे चित्रीकरणाच्या वेळी कुणालाच उलगडेना. म्हणून मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरलाच विचारलं. त्यालाही ठाऊक नव्हतं! बाकीचे लोक हा किस्सा हसत सांगतात. नाना हसले नाहीत. ‘‘मग फाइल बंद कुणी केली?’’

पण खरं रणकंदन ‘व्हर्टिगो’चं. स्कॉटीला उंचीची भीती. त्याचा जुना मित्र एल्स्टर त्याला आपल्या बायकोवर पाळत ठेवायला सांगतो. प्रत्यक्षात ती बायको नसतेच, सोंग घेतलेली दुसरी बाई असते. ती घंटाघराचा जिना चढते, स्कॉटीला मध्येच भोवळ येते आणि वरून एल्स्टर खऱ्या बायकोचं प्रेत खाली ढकलतो. हा बेत नाना सरकारी निविदा तपासावी तसा तपासतात. स्कॉटी जिन्यातच अडखळला पाहिजे. दोन पायऱ्या जास्त चढला की सगळे गजाआड. प्रेत आधीच वर नेऊन ठेवायचं, दिवसाढवळ्या, चर्चच्या आवारात. नंतर गर्दी जमलेली असताना दोघांनी खाली उतरून निघून जायचं. ‘‘आणि तिथे झाडूवालाही नसतो?’’

त्यातच सुरुवातीचा प्रसंग. स्कॉटी उंच इमारतीच्या पन्हाळीला लोंबकळतोय, वाचवायला आलेला पोलीस पडून मेलाय. पुढच्या दृश्यात स्कॉटी मैत्रिणीच्या घरी आरामात बसलेला. तिथून तो उतरला कसा, हे हिचकॉक शेवटपर्यंत सांगत नाही.

एकदा मी खरीखुरी माहिती पुरवून आगीत तेल ओतलं. कॅलिफोर्नियातल्या सान हुआन बाउतिस्ताचं ते चर्च खरं आहे, पण चित्रीकरणाच्या वेळी तिथे तसा मनोराच नव्हता. तो सिनेमासाठी युक्तीने दाखवला. नाना उभेच राहिले. ‘‘म्हणजे बाई जिथून पडली ती जागाच अस्तित्वात नाही? मग स्थळपंचनामा कशाचा करायचा?’’

खरी गंमत अशी की, हिचकॉक या दहाव्या माणसाला पुरता ओळखून होता. शक्याशक्यतेचा हिशेब मागणाऱ्यांची तो यथेच्छ टिंगल करायचा. प्रेक्षकाने घरी जाऊन, फ्रिजमधलं काहीबाही काढून खाताना शंका घ्यावी. खुर्चीत बसलाय तोवर त्याला उसंत मिळता कामा नये, हा त्याचा हिशेब. मला तो पटतो. भीती जिना चढून जाते तेव्हा तर्क अजून चपला शोधत असतो. पण त्याच हिचकॉकने 1962 च्या सुमारास दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोशी बोलताना कबूल केलं की, ‘व्हर्टिगो’त एक दोष आहे आणि तो त्याला खुपतो: स्कॉटी वरपर्यंत येणार नाही, याची खात्री एल्स्टरला कशी? हे ऐकल्यावर नानांनी दोन दिवस घरात कुणालाही उलट बोलू दिलं नाही. ‘‘आरोपीचा कबुलीजबाब आहे,’’ एवढंच म्हणायचे.

अशा या नानांसमोर आम्ही मुद्दाम राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ लावला. 1964 चा, यावरूनच पुढे हिंदीत ‘मेरा साया’ निघाला. वकिलाची, म्हणजे काशीनाथ घाणेकरांची, बायको वारली असं सगळे समजतात, आणि नंतर पकडलेली गुन्हेगार बाई हुबेहूब तिच्यासारखी निघते. म्हणजे जुळी बहीण, आणि नवऱ्याला तिचा पत्ता नाही! आम्ही सगळे नानांच्या तोंडाकडे बघत बसलो. नाना रुमालाने डोळे टिपत होते. मी म्हटलं, ‘‘नाना, अहो, सख्खी जुळी मेहुणी आहे हे नवऱ्याला माहीत नाही?’’ ते म्हणाले, ‘‘गप्प बस. काशीनाथ घाणेकर स्वतः डॉक्टर होते. ते खोटं कशाला बोलतील?’’

ब्रिटिश मासिक ‘साइट अँड साउंड’ दर दहा वर्षांनी जगातले श्रेष्ठ सिनेमे निवडतं. 2012 मध्ये तिथे ‘व्हर्टिगो’ पहिला आला, तेव्हा नानांना ती बातमी सांगायची हिंमत कुणाला झाली नाही. 2022 मध्ये तो दुसरा झाला, ते मात्र आम्ही लगेच सांगितलं. ‘‘कुणीतरी पायऱ्या मोजल्या असणार,’’ ते म्हणाले, आणि पहिला आलेला सिनेमा बघायला बसले. शांताल आकेरमान या बेल्जियन बाईंचा, 1975 सालचा ‘जान दिलमान’. लांबी 201 मिनिटं. त्यात एक विधवा बटाटे सोलते, भांडी घासते, खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा मालवते, आणि शेवटाकडे कात्रीने एक खून करते. मग पळून न जाता टेबलाशी येऊन नुसती बसून राहते. घरातले बाकीचे तासाभरात उठून गेले होते. नाना शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत, आणि मध्ये एकदाही त्यांनी सिनेमा थांबवला नाही.

‘‘हत्यार जागेवर, आरोपी जागेवर, वीज वाया गेलेली नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पहिला नंबर बरोबर आहे.’’