तिघांत एक हेक्टर

एक हेक्टर रान तीन भावांत वाटायचं, तर प्रत्येकाला किती? शाळेत उत्तर येतं, एक तृतीयांश. सातबाऱ्यावर येतं, 0.33.33. भूमच्या स्टँडवर चहाच्या टपरीत येतं, 'थोरला जास्तच घेतो.' तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर.

पुण्यात कंप्युटर शिकणाऱ्या आमच्या पुतण्यानं यावर प्रोग्रॅम लिहिला. दशांश घाला, अपूर्णांक घ्या. 0.3333 घातल्यावर आलं 3333/10000. आमच्या आबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तीनदा तेहतीसशे तेहतीस म्हंजे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव. मग ऱ्हायलेला एक कुणाच्या बापाचा?"

हेक्टरचा दहा हजारावा भाग म्हणजे बरोबर एक चौरस मीटर. आमच्याकडं याहून कमी बांधासाठी पिढ्यान्‌पिढ्या बोलाचाल बंद आहे.

आबांच्या काळी ही भानगड नव्हती. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, एकूण 192. तिघांना पाच आणे चार पै, चोख! 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. सरकारनं हिशेब सोपा केला खरा, पण दोन किंवा चार भाऊ असणाऱ्यांसाठी.

पुतण्या हटला नाही. त्यानं आर्यभटाच्या कुट्टकातला उलटापालटा भागाकार प्रोग्रॅमात घातला. एकाला 0.3333 नं भागलं की 3 येतात, उरतात 0.0001. उरलेल्यानं पुन्हा 0.3333 ला भागलं की एकदम 3333 असा अगडबंब आकडा येतो. म्हणजे उरलेलं किरकोळ, इथंच थांबा. उत्तर 1/3. शिवाय छेद 192 च्या वर जाऊ द्यायचा नाही, ही आबांची अट. कारण मोकळं सोडलं तर मशीन 0.1 चा अपूर्णांक 3602879701896397/36028797018963968 असा सांगतं. त्याच्या पोटात सगळं दोनाच्या घातांत साठवलेलं. एवढ्या हिश्शानं कुंथलगिरीचा खवा मागितला, तर दुकानदार हातावर पेढा ठेवून वाटेला लावील.

मग पोरानं एक्सेलमध्ये मथळा टाइप केला, 7/12. एक्सेलनं त्याची तारीख करून टाकली. सातबारा पुढं केला की तारीखच मिळते, हे त्या अमेरिकन सॉफ्टवेअरला कुणी सांगितलं कोण जाणे.

1/3 तिघा भावांना पटलं. पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असंच मांडायचं. तृतीयांशाला रकानाच नाही. म्हणजे दोघांना 33 आर 33 आणि एकाला 33 आर 34. तो एक कोण, तेवढा प्रोग्रॅम लिही म्हटल्यावर पुतण्यानं पुण्याची पहिली गाडी पकडली.