क्युसेकवाले नाना

पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक धरणवाला असतो. तुम्ही त्याला ओळखताच. जुलैत जिन्यात गाठ पडली की ‘काय, बरंय ना’ न म्हणता तो ‘सोडलं’ म्हणतो. सोडलं म्हणजे खडकवासल्यातून पाणी, हे आपण समजून घ्यायचं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर यांचे टक्के त्याला पहाटे सहालाच पाठ असतात. बायकोचा वाढदिवस नसतो. भिडे पूल पाण्याखाली गेला की पूल आपणच बुडवल्यासारखा तो सोसायटीभर हिंडतो.

आमचे नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. त्यांचं एकच माप, क्युसेक. सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सव्वाअठ्ठावीस लिटर आणि वर थोडं. गच्चीवरच्या टाकीचा नळ गळत होता, त्याची तक्रार त्यांनी सोसायटीच्या वहीत ‘अंदाजे ०.००१ क्युसेक’ अशी नोंदवली. सेक्रेटरींनी वही प्लंबरला दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि ‘हे आपल्याच्यानं होणार नाही’ म्हणून निघून गेला. काकू चहा ओततात तेव्हाही, “विसर्ग कमी करा, बशीत चाललंय!”

हे सगळं आम्ही सोसत होतो. पण फेब्रुवारीत नानांची मुलगी नोकरीसाठी डब्लिनला गेली आणि नानांच्या अखत्यारीत आयर्लंड आलं.

मेंटेनन्सच्या चेकवर सही हवी होती, म्हणून एका शनिवारी दुपारी त्यांच्याकडे गेलो आणि अडकलो. बाहेर धो धो पाऊस, आत व्हिडिओ कॉल. तिकडे सकाळचे साडेनऊ.

“बाबा, पाऊस पडतोय. आज दिवसभर घरातच.”

“किती?”

“किती म्हणजे? पडतोय.”

“अगं, ‘पडतोय’ हा काय आकडा झाला?”

तिने फोन खिडकीकडे वळवला. राखाडी आभाळ, राखाडी रस्ता, एक ओली सायकल. नानांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. “कुठाय पाऊस?”

“बाबा, इथला दिसत नाही. नुसता भिजवतो.”

मग व्याख्यान. डब्लिन आणि पुणे, दोन्हीकडे वर्षाचा पाऊस साधारण सव्वासातशे-साडेसातशे मिलिमीटर. “आपण त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. तुमच्या लोकांना बारा महिने पुरत नाहीत! कसली ही दिरंगाई?” पाटबंधारे खात्यात उभी हयात काढलेल्या माणसाने दिरंगाईवर बोलावं, यावर मी काही म्हणालो नाही. सही व्हायची होती.

तिकडच्या हवामान खात्याने त्या दिवशी पिवळा इशारा दिला होता. नानांना तो अपमानच वाटला. “आपल्याकडे चोवीस तासांत साडेचौसष्ट मिलिमीटर पडल्याशिवाय खातं त्याला ‘जोरदार’सुद्धा म्हणत नाही. आणि हे भुरभुरीला पिवळं होतात!” लगेच आवाज बदलून, “पण तू बाहेर पडू नकोस हं.”

“बाबा, तिसऱ्या मजल्यावर आहे मी.”

“पंचवीस जुलै चोवीसला इथे एकता नगरीतही लोक मजल्यांवरच होते. खाली गाड्या बुडाल्या. रात्रीतून विसर्ग वाढवला होता. तुमच्या त्या लिफी नदीवर धरण आहे, माहितीये का?”

तिला माहीत नव्हतं. डब्लिनमध्ये जन्म काढलेल्यांपैकीही कितीजणांना माहीत असेल, शंका आहे. नानांना मात्र होतं. पुलाफुका. लिफीवरच, शहराच्या वरच्या अंगाला, विक्लोच्या डोंगरात. १९४० साली भरलं, साठा पानशेतच्या निम्म्याच्या आसपास, शहराचं बरंचसं पिण्याचं पाणी तिथून. “म्हणजे तुमचं खडकवासला!” नाना असे खुलले, जणू पोरीसाठी तिकडे स्थळच सापडलं. यापुढे रोज सकाळी पुलाफुकाचा साठा आपल्याला कळवायचा, असं त्यांनी तिला बजावलं.

काकूंनी फोन घेतला. “कपडे वाळतात का गं?”

“नाही गं आई. चार दिवस झाले, घरभर टांगलेत. हीटरवर टाकले तर कुबट वास येतो.”

एवढं बोलून ती थांबली. नाक ओढलं. सर्दी झालीये म्हणाली. काकूंनी सर्दीवर विश्वास ठेवला, निदान तसं दाखवलं. फोन परत नानांकडे आला. ते पडद्याकडे बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, “किती क्युसेक गं?”

ती रडता रडता हसली. “पाचशे.”

“मग भिडे पूल सुरू आहे अजून. काळजी नाही.”

या माणसाला मी इतकी वर्षं जिन्यात चुकवत आलो. त्याच्याकडे बोलायला दुसरी भाषाच नाही आणि तीही अशी कामाला येईल, हे मला सुचलं नव्हतं.

पुढे त्यांनी जे सांगितलं ते आम्हीही कधी ऐकलं नव्हतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नाना तेव्हा सात वर्षांचे. शनिवार पेठेतली नदीकडची बिऱ्हाडाची खोली गेली आणि घरदार गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये आलं. अर्धगोल पत्र्याची घरं ती. “पेठेतल्या माणसाला गोखलेनगर म्हणजे परदेशच. पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज, की आई काय म्हणतेय ते ऐकू यायचं नाही. ती भांडी मांडायची, पुन्हा मांडायची. आम्ही दार लावून बसायचो. पाण्याकडे बघायचं नाही, असं ठरलंच होतं.”

“मग?”

“मग शेजारच्या हटमधल्या पोराकडे पत्ते होते. तुझ्या शेजारी कोण आहे?”

“एक ब्राझीलची मुलगी. हाय-हॅलो आहे फक्त.”

“जा तिच्याकडे. पाऊस किती क्युसेक पडतोय, विचार. चिडली तर चिडली, बोलणं तर होईल.” आणि मग नेहमीच्या चढ्या आवाजात, “अगं, हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. अजून तिथल्या चौकाला सिमला ऑफिसच म्हणतात. अख्खं खातं इथे रुळलं, तू एकटी नाही रुळणार?”

ते मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, हे नानांनी तिला सांगितलं नाही. मीही नाही. चेकवर सही राहिलीच.

ऑक्टोबरात नाना आणि काकू डब्लिनला निघालेत. काकूंच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला आणि कपड्यांची दोरी. नानांच्या बॅगेत पर्जन्यमापक. तुमचं तिकडे कुणी असेल तर एवढं कळवून ठेवा: पुलाफुकाचा साठा रोज सकाळी पाठ करत चला. विचारणारा येतोय.