वजाचं बटण

गावच्या कबड्डीत गुण फळ्यावर खडूने मांडायचे, तेव्हा भांडायला समोर हाडामांसाचा माणूस असायचा. लिहिणाऱ्याचं आडनाव काय, तो कोणत्या गल्लीतला, यावरून निकालाची सविस्तर चर्चा व्हायची. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यात. त्यामुळे बलोपासना आमच्या तीर्थपुरी गावाच्या रक्तातच आहे, असं आम्ही मानतो. हिशोबाची उपासना तेवढी राहून गेली होती.

ती भाच्याने अंगावर घेतली आणि दिव्यांचा गुणफलक बनवला. आर्डुइनो उनोचा निळा बोर्ड, दोन्ही संघांचे सेव्हन सेगमेंटचे लाल आकडे आणि बटणं. बोर्डावरच्या चिपचं घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देतं. बटण मात्र साधंच. दाबलं की आतली पट्टी काही मिलिसेकंद थरथरते. आपल्याला ते जाणवतही नाही. चिपला जाणवतं, आणि ती प्रत्येक थरथरीचा वेगळा गुण धरते. चाचणीत एका चढाईला ४ गुण पडले. ज्यांना पडले ते म्हणाले, "मशीन हाय, खोटं बोलत नसतंय." भाच्याने प्रोग्राममध्ये सोय केली: एकदा बटण दाबलं की ५० मिलिसेकंद चिपने कानावर हात ठेवायचे. आमच्या पंचांकडे ही सोय जन्मजात आहे.

पुढचा प्रश्न विजेचा. लाइट गेली की आकडे शून्य, आणि मागे पडलेल्या संघाला तोच खरा न्याय वाटतो. म्हणून गुण चिपमधल्या ईईप्रॉममध्ये लिहायचे. ते विजेवाचूनही टिकतात. एकेका कप्प्यात लाखभर वेळा लिहिता येतं म्हणे. हे ऐकून किराणावाल्याने उधारीच्या वहीसाठी चौकशी केली.

खरा गोंधळ वजाच्या बटणाने घातला. बोनसचा १, लोणाचे २, सुपर टॅकलचा जादा १. पंच शिट्टी मारतात, हात वर करतात आणि मग विचार करतात. दिलेला गुण काढायला बटण लागणारच. ते पहिल्यांदा दाबलं तशी अख्खी गल्ली टेबलावर आली. "काहून कमी करायलेत?" खडूचा आकडा बोटाने पुसला तर भांडण लिहिणाऱ्यापुरतं असायचं, दिव्यांचा आकडा उतरला की लोकांना खिसा कापल्यासारखं होतं.

तुमच्या गावात असं यंत्र करणार असाल, तर वजाचं बटण बसवाच. शून्य करायचं बटण मात्र पेटीच्या आत ठेवा, आणि पेटीचा स्क्रू-ड्रायव्हर पाहुण्या गावच्या पंचांकडे द्या.