टिपाड

माझा तालुका माण, जिल्हा सातारा. एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी तिथल्या पाण्याची चौकशी करतो, मग माझी. तिथून कॅनडात, कॅलगरीला आलो तेव्हा मनाशी एकच ठरवलं होतं : आयुष्यात पुन्हा टिपाडाला हात लावायचा नाही. टँकरच्या पाइपासाठी भांडण्यात ज्याचं बालपण गेलं, त्याची ही माफक अपेक्षा होती. आज माझ्याकडे चार टिपाडं आहेत. रात्री छपरावर पाऊस वाजला की मी चपला न शोधता बाहेर पळतो.

सगळा दोष टोमॅटोचा. इथं मेच्या तिसऱ्या आठवड्याआधी रोप बाहेर लावणारा माणूस एकतर नवखा असतो, नाहीतर जुगारी. सप्टेंबरच्या मध्यावर दंव पुन्हा गोठायला लागतं. म्हणून परसात काचघर उभं केलं. म्हणायला काचघर, आहे पॉलिकार्बोनेटचं, सहा फूट बाय आठ फूट. नानांनी, म्हणजे वडिलांनी, ते व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि विचारलं, "पानपट्टी टाकलीस व्हय रं?"

नळाचं पाणी इथं मेमध्येही इतकं गार असतं की बादलीत हात घातला तर बोटं आहेत की नाहीत ते मोजून बघावं लागतं. शिवाय पाणी जड, कुंड्यांवर पांढरे डाग पडतात. पावसाचं पाणी मऊ, आणि टिपाडात दोन दिवस उन्हानं तापलं की टोमॅटोची मुळं दचकत नाहीत. म्हणून गॅरेजच्या पन्हळीखाली पहिलं टिपाड लावलं. ते भरलं. मी धन्य झालो आणि हिवाळ्यात ते तसंच विसरलो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलो होतो. पण परीक्षेत आलं नव्हतं. मार्चमध्ये टिपाड उभं चिरलेलं, आणि आत कमरेइतका बर्फाचा खांब. व्हिडिओ कॉलवर आईनं त्याला हात जोडले.

पुढं २०२४ च्या मेमध्ये नाना स्वतःच आले. आल्या आल्या त्यांनी विटांवर टिपाडं उंच केली. "तोटीखाली बादली जाया नगं?" तोंडाला जाळी बांधली, डास आणि पानं दोन्हींसाठी. पहिल्या सरीचं पाणी छपराची घाण घेऊन येतं म्हणून ते बाहेर सोडायचं, असा नियम केला. कॅलगरीत वर्षाला बर्फ धरून पाऊस जेमतेम ४२० मिलिमीटर पडतो, म्हणजे आमच्या माणशी नातं सांगणाराच आकडा. त्यातला ११० मिलिमीटर एकट्या जूनमध्ये. हे ऐकून नाना उठून बसले. "म्हंजी मिरीग हितंबी लागतो की!" गॅरेजच्या अर्ध्या छपरावरून दहा मिलिमीटर पावसात १८५ लिटर पाणी येतं. एक टिपाड जवळजवळ भरलं. तो हिशेब नाना दर पावसाला नव्यानं करत, आणि दर वेळी तितकाच आनंद.

आणि ५ जूनला शहराची मोठी जलवाहिनी फुटली. पाणी २५ टक्के कमी वापरा अशी विनंती झाली, बागांना नळाचं पाणी घालू नका असा हुकूम निघाला. टिपाडातल्या पाण्याला मात्र बंदी नव्हती. तोवर आमच्या टिपाडांकडे नाक मुरडून बघणारी गल्ली एकेक करून ती बघायला यायला लागली. सहा फूट उंचीचे गोरे शेजारी वाकून जाळी बघत होते आणि नाना मनगटी घड्याळ घालून, खुर्ची टाकून शेजारी बसले होते. रात्री जेवताना म्हणाले, "आता कसं गावाकडं आल्यावानी वाटतंय."

घोटाळा केला माझ्या मुलानं. त्यानं आजोबांना समजावलं, की काचघरातली दोन टिपाडं काळी का रंगवलीत. दिवसा ती ऊन पितात, रात्री ऊब सोडतात. आणि पाणी गोठायला लागलं तर आणखीच ऊब सोडतं : २०० लिटरचा पूर्ण बर्फ होईपर्यंत जेवढी उष्णता निघते, तेवढी द्यायला एक किलोवॅटचा हीटर साडेअठरा तास चालवावा लागेल. नानांनी यातून एवढंच घेतलं, की टिपाडात बर्फ म्हणजे हीटर.

ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला. काचघरातली टिपाडं तेव्हा तळाला गेलेली. मी कामावर होतो. नानांनी घमेल्यानं परसातला बर्फ गोळा करून दोन्ही टिपाडं काठोकाठ भरली, वरून दाबली. पाणीही झालं, हीटरही झाला. सकाळी काचघरातली मेथी काचेसारखी कडकड मोडत होती. बर्फानं वितळताना रात्रभर काचघराचीच ऊब खाल्ली होती. नातवाचं गणित बरोबर होतं, फक्त उलट्या बाजूनं. संध्याकाळी बर्फ विरघळला तेव्हा एवढ्या खटाटोपाचं पाणी निघालं वीतभर. नाना बराच वेळ त्यात बघत उभे होते. "ह्याच्यापरीस आपला टँकरवाला इमानी," म्हणाले.

खरा प्रसंग पुढच्या रविवारी. गॅरेजजवळची दोन टिपाडं भरलेली होती आणि आता थंडी पक्की मुक्काम करणार होती. मी म्हटलं, "नाना, तोट्या सोडा. नाहीतर फुटतील."

"चारशे लिटर?"

"हो."

"मातीत?"

मी तोटीकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. पंचाहत्तरीच्या माणसाची पकड वाटेना. मग मला आठवलं, की थंडीआधी स्प्रूसच्या झाडांना भरपूर पाणी पाजावं असा इथल्या माळ्यांचा सल्ला असतो. आमच्याकडे स्प्रूस एकच. त्याचं पोट भरल्यावर नाना बादली घेऊन शेजारी गेले, मग त्याच्या शेजारी. दार उघडून बघणाऱ्या बाईंना त्यांनी आपलं सगळं इंग्रजी ऐकवलं : "वॉटर. गुड." अंधार पडेपर्यंत खेपा चालल्या. रात्री फोनवर आईला सांगत होते, "न्हाई गं, सांडलं न्हाई. झाडास्नी पाजलं."

टिपाडं धुऊन उपडी घातली. रात्रीत पुन्हा बर्फ पडला आणि सकाळी त्यांच्या बुडांवर चार बोटं थर साचलेला. नाना घमेलं घेऊन निघाले होते. सूनबाईनं काचघराला आधीच कुलूप लावलं होतं.