हिंगोली जिल्ह्यात टेरी प्रॅचेटवर गप्पा मारण्याची रीतसर पद्धत

प्रथम दुसरा वाचक मिळवावा. टेरी प्रॅचेट या इंग्रज विनोदी लेखकाच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत 41 कादंबऱ्या आहेत. पहिली 1983 साली आली, शेवटची 2015 साली त्याच्या मृत्यूनंतर. जगभर त्यांचे चाहते खंडीभर असले, तरी सेनगाव ते वसमत या टापूत असा माणूस आपणहून भेटेल ही आशा धरू नये. तो घडवावा लागतो.

उमेदवार निवडताना त्याचं इंग्रजी तपासत बसू नका, ऐकण्याची सवय तपासा. सप्ताहातली कीर्तनं न उठता ऐकणारा माणूस उत्तम. कीर्तनकार अभंग धरून निघतो, मध्येच जावयावर घसरतो, तिथून सोयाबीनच्या भावावर जातो आणि सगळे हसून दमले की नेमका त्याच अभंगावर येऊन उभा राहतो. प्रॅचेटच्या तळटीपांची चाल हीच. शिवाय त्याच्या बहुतेक कादंबऱ्यांत प्रकरणंच नाहीत, त्यामुळे थांबायला जागा मिळत नाही. रात्रीच्या थ्री फेजची वाट बघत मोटारीपाशी जागणारा शेतकरीही चालेल. त्याच्याकडे वेळ असतो आणि नशिबावर हसण्याचा सराव असतो.

आता विषय काढा. डिस्कवर्ल्ड म्हणजे थाळीसारखं सपाट जग. ते चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका अजस्र कासवाच्या पाठीवर, आणि कासव अवकाशात पोहतंय. लंडनचा वाचक इथे चकित होतो. आपल्याकडे एवढ्यावर कुणी चहाचा कपही खाली ठेवणार नाही. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून कपाळाला लावणाऱ्या माणसाला यात नवल ते काय? “मग? पुढं काय झालं?” असं तो विचारेल. विचारलं की उमेदवार पास. त्याला लगेच सांगा, की कासव नर आहे की मादी यावर तिथल्या विद्वानांत वाद आहे. हा वाद इथे एक आठवडा सहज चालतो. मूळचे हत्ती पाच होते, पाचवा घसरून पडला, अशीही तिथे आख्यायिका आहे. ती ज्या कादंबरीत येते ती ‘द फिफ्थ एलिफंट’ 1999 सालची, म्हणजे परभणीतून पाच तालुके काढून हिंगोली जिल्हा झाला त्याच वर्षाची. यातून काहीही सिद्ध होत नाही, पण कट्ट्यावर सांगायला बरं पडतं.

मुख्य परीक्षा ‘स्मॉल गॉड्स’ची. 1992 सालच्या या कादंबरीत ओम नावाचा सर्वशक्तिमान छाप देव मोठ्या थाटात अवतार घ्यायला निघतो आणि होतो कासव. एवढंसं, एका डोळ्याचं. कारण काय, तर त्याच्या नावाने देवळं आहेत, पुजारी आहेत, पाखंड्यांना शिक्षा करणारं खातं आहे, पण त्याच्यावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच उरलाय, मठाच्या बागेत राबणारा ब्रूथा नावाचा भोळा पोरगा. देवाचं बळ भक्ताच्या विश्वासाएवढंच, हा त्या जगाचा नियम.

हे ऐकून हिंगोलीकर म्हणणार, की हे तर आम्हाला ठाऊक होतं. म्हणू द्या, त्यात तथ्य आहे. संत नामदेवांचं नर्सी याच जिल्ह्यात. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळासमोर नामदेवांचं कीर्तन पुजाऱ्यांना अडचणीचं झालं, त्यांना मागे पाठवलं, तर अख्खं देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं. नंदी मात्र मागेच राहिला, तो अजून तिथेच आहे. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. पाय उचलून जिथे ठेवावे तिथे नामदेवांना पिंड दिसू लागली. हा प्रसंग प्रॅचेटला सुचला असता तर त्याने त्याला तीन तळटीपा जोडल्या असत्या, आणि एक नक्की नंदीच्या वतीने.

मात्र इथे उमेदवार ‘म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलं’ या वळणावर येतो. त्याला ताबडतोब आणखी एक चहा पाजावा. प्रॅचेट सगळीकडचं उचलायचा आणि उजळ माथ्याने उचलायचा. त्याची गंमत उचलण्यात नाही, पुढचा प्रश्न विचारण्यात आहे. देऊळ फिरलं, ठीक. पण दुसऱ्या दिवशी पुजाऱ्यांनी चपला कुठे काढल्या?

यानंतर भांडण. चाहत्यांच्या गप्पा म्हणजे मुख्यतः ‘कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करावी’ यावरची भांडणं, आणि ती टाळणं अशिष्टपणाचं आहे. पहिल्या पुस्तकापासून, असं शहाणा माणूस म्हणतो. तो हरतो, कारण लेखकाचा हात ‘द कलर ऑफ मॅजिक’मध्ये अजून बसायचा होता. एकाने पहारेकऱ्यांच्या पुस्तकांची बाजू घ्यावी, दुसऱ्याने चेटकिणींच्या. तिसरा असलाच तर त्याने मृत्यूच्या पुस्तकांची घ्यावी. प्रॅचेटचा मृत्यू हाडांचा सापळा आहे, त्याला मांजरं आवडतात, त्याच्या पांढऱ्या घोड्याचं नाव बिंकी आहे. तो इंग्रजीत सगळं बोलणं कॅपिटल अक्षरांत बोलतो. देवनागरीत ती सोय नसल्यामुळे त्याची वाक्यं सांगताना आवाज खर्जात न्यावा. शेजारच्या बाकावरचं गिऱ्हाईक दचकलं की उच्चार बरोबर समजावा. यमाचा रेडा आणि बिंकी यांची तुलना निघाल्यास रेड्याची बाजू कुणीतरी घेतली पाहिजे. आपण मराठवाड्यात राहतो.

डिस्कवर्ल्डमधल्या जादूच्या विद्यापीठाचा ग्रंथपाल एका अपघातात ओरांगउटान होतो आणि पुन्हा माणूस व्हायला नकार देतो, कारण लांब हातांनी वरचे कप्पे गाठता येतात. त्याला माकड म्हटलेलं खपत नाही. हा किस्सा तालुक्याच्या वाचनालयात बसून सांगू नये.

लेखकाबद्दल थोडी माहिती तोंडपाठ असावी. तो आधी वार्ताहर होता. 1980 पासून सात वर्षं तो इंग्लंडच्या वीज मंडळात अणुवीज केंद्रांची प्रसिद्धी सांभाळत होता. ‘घाबरण्याचं कारण नाही’ हे रोज सांगणारा माणूस विनोदी लेखक झाला, याचं आश्चर्य फक्त ज्याने कधी वीज कार्यालयात फोन केला नाही त्यालाच वाटेल. मेंदूच्या आजाराने तो 12 मार्च 2015 रोजी वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे 2017 मध्ये अर्धवट लिखाणाची हार्ड डिस्क वाफेच्या रोलरखाली चिरडली. तुकोबांची गाथा पाण्यातून वर आली. ही डिस्क वर येणार नाही, तेव्हा 42 व्या कादंबरीची वाट पाहू नका.

25 मे रोजी जगभरचे चाहते पहारेकऱ्यांच्या ‘नाइट वॉच’ या कादंबरीची आठवण म्हणून लायलॅकचं फूल खोचतात. त्या सुमारास आपल्याकडे ताम्हण फुललेला असतो. रंग जांभळा आणि दर्जा राज्यफुलाचा. कुणी विचारलंच तर सांगा, पहारेकऱ्यांसाठी आहे. पोलीस ठाण्यासमोरून जाताना मात्र जास्त खुलासा करू नका.

आणि उमेदवाराला पहिलं पुस्तक देताना ‘गार्ड्स! गार्ड्स!’ द्या. नर्सी-औंढ्याकडचा असेल तर ‘स्मॉल गॉड्स’. दोन्ही प्रती आपल्या असतील तर एकच द्या. परत येणार नाही.